मनाची शिस्त: खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याला व्यायामाची परंपरा जुनी आहे. डेक्कन जिमखाना १९०६ पासून चालू आहे, महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना १९२४ ची, बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले आणि पेठांतल्या काही तालमी तर या सगळ्यांहून आधीच्या आहेत. शरीर कसे कमवावे हे सांगणारी माणसे या शहरात गल्लोगल्ली भेटतात. मनाच्या तयारीबद्दल मात्र ‘डोके शांत ठेव’ याच्या पलीकडे फारसे कोणी बोलत नाही. मैदानाच्या कडेला, तालमीच्या ओट्यावर आणि सराव संपण्याची वाट पाहणाऱ्या पालकांच्या घोळक्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

मानसिक शिस्त म्हणजे नेमके काय? जिद्द म्हणजेच शिस्त नव्हे का?

नव्हे. जिद्द भावनेच्या जोरावर चालते आणि भावना रोज सारखी नसते. एखादा सामना जिंकल्यावर किंवा जोरदार भाषण ऐकल्यावर ती उफाळून येते आणि पुढच्याच आठवड्यात, मैदानावर चिखल झाला की ओसरते. मानसिक शिस्त म्हणजे आपले लक्ष कोठे असावे हे ठरवण्याची, ते भरकटले की परत आणण्याची आणि ठरलेली कृती मनात नसतानाही पार पाडण्याची सवय. शिस्तीच्या खेळाडूलाही भीती वाटते, कंटाळा येतो आणि गादी सोडवत नाही. पण तसे झाले तर पुढे काय करायचे, हे त्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. निर्णय आयत्या वेळी न घेता आधी घेऊन ठेवणे, हाच पुढील बहुतेक उत्तरांचा गाभा आहे.

ती जन्मजात असते की कमावता येते?

स्वभावाचा वाटा असतो, परंतु लोक समजतात तेवढा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांसमोर गोड खाऊ ठेवून केलेला प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो: जे मूल तो लगेच न खाता थांबले ते पुढे यशस्वी झाले, असे त्याचे सार सांगितले जाते. २०१८ मध्ये त्याहून पुष्कळ अधिक मुलांची माहिती तपासली गेली, तेव्हा हा संबंध बराच क्षीण निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तर तो फारच थोडा उरला. पाच वर्षांच्या मुलाने लाडू लगेच खाल्ला म्हणून त्याच्या भवितव्याची चिंता करण्याचे कारण नाही.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही तेवढाच पसरलेला आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातील एका सरासरीवरून प्रावीण्यासाठी लागणाऱ्या सरावाचा ‘दहा हजार तास’ हा आकडा तोंडोतोंडी झाला. त्याच्या सरसकट वापराला खुद्द एरिक्सन यांनी आक्षेप घेतला होता. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, खेळाडूंच्या कामगिरीतील फरकापैकी सुमारे १८ टक्के फरकच नियोजित सरावाशी जोडता आला. उरलेल्या भागात उंची, वय, मिळालेले प्रशिक्षण, आहार, संधी असे बरेच काही येते. म्हणून शिस्त कमावता येते हे खरे असले, तरी शिस्तीने कोणीही ऑलिंपिकला जातो, असे मुलांना सांगू नये.

पहाटे उठणेच होत नाही. सुरुवात कोठून करावी?

रात्रीपासून करावी. ‘उद्यापासून रोज पळायला जाणार’ हा संकल्प ठरतो आणि मोडतो, कारण त्यात केव्हा, कोठून आणि कोणाबरोबर याचा पत्ताच नसतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ अशा स्वरूपात आधी ठरवून ठेवलेल्या निर्णयांचा दीर्घ अभ्यास केला आहे आणि असे निर्णय नुसत्या संकल्पापेक्षा अधिक पाळले जातात, असे त्यातून वारंवार दिसले आहे.

व्यवहारात हे असे दिसते. तळजाईला धावायला जाणाऱ्या मुलीने रात्री जेवण झाल्यावर बूट दाराशी ठेवावेत, मोजे त्यातच कोंबावेत, पाण्याची बाटली भरून ठेवावी आणि स्कूटरची किल्ली बाटलीला अडकवावी. गजर वाजणारा फोन पलंगापासून चार पावले लांब असावा. वहीत दोन ओळी असाव्यात: ‘गजर झाला की आधी चूळ भरणार, फोन नंतर पाहणार’ आणि ‘पाऊस असला तर टेकडीऐवजी गच्चीच्या जिन्याखाली दोरीच्या उड्या आणि सूर्यनमस्कार’. दुसरी ओळ विशेष महत्त्वाची आहे, कारण पुण्यात जून ते सप्टेंबर या काळात बहुतेक संकल्प पावसाच्या नावावर मोडतात. पहाटे साडेपाचला, अर्धवट झोपेत, ‘जाऊ की नको’ हा प्रश्न मनासमोर ठेवला तर उत्तर ठरलेलेच असते; तो प्रश्नच तेव्हा उरू नये, एवढीच ही व्यवस्था आहे.

पहिल्या पंधरवड्यात अंतर मुद्दाम कमी ठेवावे. थकून घरी येण्यापेक्षा ‘आणखी जमले असते’ असे वाटत परतणे, दुसऱ्या दिवशी उठायला जास्त उपयोगी पडते.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे खरे आहे का?

नाही. या आकड्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांनी नोंदवले होते. पुढे ‘निदान’ गळून पडले आणि आकडा राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा एखादी कृती आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात, असे आढळले आणि व्यक्तीव्यक्तीतला पल्ला १८ ते २५४ दिवस असा निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. त्याच अभ्यासातून आणखी एक दिलाशाची गोष्ट पुढे आली: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा खंड पडत नाही. गणपतीत तीन दिवस सराव बुडाला म्हणून महिनाभर मैदानाकडे न फिरकणारी मुले दरवर्षी दिसतात. त्यांचे नुकसान तीन दिवसांनी होत नाही, ‘आता काय उपयोग’ या विचाराने होते.

इच्छाशक्ती वापरून संपते का?

१९९८ मधील काही प्रयोगांपासून बरीच वर्षे तसे मानले जात होते. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून ही कल्पना पुन्हा तपासली, तेव्हा अपेक्षित परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. वाद अजून मिटलेला नाही. परंतु ‘दिवसभर अभ्यास केला, आता माझी इच्छाशक्ती संपली’ ही सबब म्हणून वापरण्याइतका तो सिद्धान्त भक्कम राहिलेला नाही. थकवा मात्र खरा असतो आणि त्याला उत्तर जेवण व झोप हे आहे.

सरावात सगळे जमते, सामन्यात हात आखडतो. असे का होते?

हा सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, कारण येथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत असतात.

पहिली शरीराची. दडपण आले की हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, तळव्यांना घाम येतो आणि स्नायू ताठ होतात. थोड्या प्रमाणात हे उपयोगाचेच असते. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे सूचित झाले की उत्तेजना वाढत गेली की कामगिरी काही मर्यादेपर्यंत सुधारते आणि मग घसरते, आणि काम जितके अवघड तितकी ही घसरण लवकर सुरू होते. खेळाडूंच्या बाबतीत हे ढोबळमानानेच लागू करावे, पण अनुभव त्याला धरून आहे: गोळाफेक करणाऱ्याला जी धडधड बळ देते, तीच नेमबाजाचा नेम हलवते. म्हणून सामन्यापूर्वी संपूर्ण संघाला एकच आरोळी ठोकायला लावणे शहाणपणाचे नाही. कोणाला चेतवावे लागते तर कोणाला निववावे लागते.

दुसरी गोष्ट लक्षाची. मानसशास्त्रज्ञ शियन बायलॉक यांच्या गोल्फवरील प्रयोगांनी हे चांगले दाखवले. मुरलेली हालचाल मनाच्या देखरेखीशिवाय होत असते. दडपणाखाली खेळाडू ‘चूक होऊ नये’ म्हणून त्या हालचालीवर पहारा ठेवू लागतो, मनगट कसे वळते आणि कोपर कोठे आहे हे पाहू लागतो आणि तिथेच ती मोडते. जिना उतरताना कोणते पाऊल कोठे पडते याचा विचार करून पाहावा, म्हणजे हे लगेच पटेल. म्हणूनच मॅच पॉइंटच्या वेळी कडेवरून ‘कोपर वर ठेव’ असे ओरडणारे प्रशिक्षक आपल्याच खेळाडूला अडचणीत आणतात. तांत्रिक सूचना सरावाच्या वेळी द्याव्यात, सामन्यात नव्हे.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक खेळीपूर्वीचा ठरलेला क्रम. बॅडमिंटन खेळणारी चौदा वर्षांची मुलगी १९-१९ अशा बरोबरीत सर्व्हिसला उभी आहे असे समजा. ती रॅकेटच्या दोन तारा बोटाने सरळ करते, शटलची पिसे चाचपते, एक दीर्घ श्वास सावकाश सोडते, शटल कोठे पडायला हवे तो कोपरा पाहते आणि मारते. या सगळ्याला सात-आठ सेकंद लागतात. या सेकंदांत मनाला हातातले काम मिळते, त्यामुळे गुणफलक, आई-बाबा आणि निवड समितीकडे जाणारे लक्ष आपोआप अडते. मात्र हा क्रम सरावातील प्रत्येक सर्व्हिसला केलेला असला तरच सामन्यात साथ देतो. भाग्याचे मोजे घालणे आणि असा क्रम पाळणे यांत हाच भेद आहे: मोजे धुवायला गेले तर खेळाडू घाबरतो, क्रम मात्र कोणी हिरावू शकत नाही.

नेमबाजीत हे उघडपणे पाहता येते. बीजिंग येथे २००८ मध्ये शेवटची गोळी झाडण्यापूर्वी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते, बिंद्राने १०.८ चा नेम साधून वैयक्तिक सुवर्ण मिळवले. पुण्यात रेल्वेच्या नोकरीत असलेला आणि बालेवाडीच्या रेंजवर सराव केलेला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पहिल्या टप्प्यानंतर पदकाच्या जागांबाहेर होता. शेवटच्या, उभ्याने नेम साधण्याच्या टप्प्यात तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदकापर्यंत पोहोचला. आपण गुणफलकाकडे पाहतच नव्हतो, असे त्याने नंतर सांगितले. गुणफलक न पाहणे ही साधी गोष्ट वाटते; आठ जणांच्या अंतिम फेरीत, एकेक जण बाद होत असताना ती पाळणे किती कठीण असते, हे रेंजवर उभे राहिलेल्यालाच कळेल.

याखेरीज सरावात दडपण मुद्दाम निर्माण करावे. सत्राच्या शेवटी, पाय थकलेले असताना, सर्वांच्या देखत दहा सर्व्हिस किंवा पाच पेनल्टी मारायला सांगाव्यात आणि हरणाऱ्याने जाळी उतरवून ठेवावी. दंड तेवढाच असावा. उद्देश घाबरवण्याचा नसून धडधडत्या छातीने काम करण्याची ओळख करून देण्याचा आहे.

दीर्घ श्वसनाचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, आणि त्यामागचे कारण साधे आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात. म्हणून उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवला की ठोके मंदावू लागतात. चार अंकांत घेणे आणि सहा ते आठ अंकांत सोडणे, असे पाच-सहा वेळा पुरते. श्वास कोंडून धरण्याची गरज नाही. पुणेकरांना हे नवे नसावे: लोणावळ्याला कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली होती, आणि मूळचे पोलीस अधिकारी असलेले नाशिकचे दिवंगत भीष्मराज बाम यांनी योगशास्त्राचा आधार घेऊन अनेक नेमबाजांची मानसिक तयारी करून घेतली. अडचण एवढीच की बहुतेक मुलांना श्वास आठवतो तो थेट अंतिम सामन्याच्या दिवशी. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर पाच मिनिटे केले नसेल, तर त्या दिवशी तो जमत नाही.

डोळे मिटून सामना मनात पाहण्याने काय साधते?

प्रत्यक्ष सरावाची भरपाई होत नाही, परंतु सरावाला जोड मिळते. पदक गळ्यात पडल्याचे चित्र पाहणे म्हणजे दिवास्वप्न. उपयोगी चित्र कृतीचे असते. पोहणाऱ्याने टिळक तलावाच्या कट्ट्यावर बसून डोळे मिटावेत आणि शिट्टी, उडी, पाण्याचा गारवा, भिंतीपाशी घेतलेले वळण हे सगळे जितका वेळ प्रत्यक्षात लागतो तितक्याच वेळात आणि आपल्याच डोळ्यांतून पाहावे. अधूनमधून बिघाडही पाहावा, उदाहरणार्थ गॉगलमध्ये पाणी शिरले आहे, आणि त्यानंतर आपण काय करतो तेही.

स्वतःशी बोलणे हा वेडेपणा नाही ना?

नाही. सगळेच बोलतात, काय बोलतात हे फक्त तपासावे लागते. ‘चेंडू सोडू नकोस’ यापेक्षा ‘चेंडूवर नजर’ हे बरे, कारण पहिल्यात काय करायचे ते सांगितलेलेच नाही. दोन-तीन शब्दांपेक्षा लांब वाक्य सामन्यात टिकत नाही.

धाकाशिवाय मुले तयार होतात का? आमच्या वेळी वस्ताद कानशिलात लगावत असत.

जुन्या तालमीत शिस्त होती यात शंका नाही, पण ती थपडेत होती असे मानणे ही चुकीची आठवण आहे. तालमीतली पहाट जवळून पाहिली तर शिस्त कोठे आहे ते दिसते. पैलवान आला की आधी बजरंगबलीपुढे वाकतो, मग फावडे घेऊन हौद्यातली लाल माती उकरून सारखी करतो. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू कालवलेले असते आणि ती मऊ ठेवण्याचे काम धाकट्या-थोरल्या सर्वांचे असते. त्यानंतर जोर, बैठका, मग जोड लावून लढत, मग खुराक आणि विश्रांती. कोणी कोणाशी लढायचे हे वस्ताद ठरवतात आणि त्यावर चर्चा नसते. क्रम ठरलेला आहे, जागा पवित्र मानलेली आहे, आणि वस्ताद स्वतः सर्वांआधी हजर आहेत. यातून येणारा दरारा आणि चारचौघांत केलेला अपमान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

अपमानाने मूल ऐकते, पण ते चूक लपवायला शिकते. जे मूल चूक लपवते त्याला सुधारता येत नाही. उशिरा आल्याबद्दल शंभर जोर काढायला लावणे हीसुद्धा वाईट प्रथा आहे, कारण ज्या व्यायामावर मुलाने प्रेम करावे अशी आपली इच्छा असते, त्यालाच आपण शिक्षा ठरवतो. उशिरा आलेल्याला त्या दिवशीची लढत मिळू नये. एवढे पुष्कळ झाले. आणि मारहाण हा शिस्तीचा प्रकार नसून गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगायला हवे.

पालकांनी काय करावे?

बरेचसे काम ‘काय करू नये’ याचे आहे. बालेवाडीहून कोथरूडला किंवा हडपसरला परत जाणाऱ्या स्कूटरवरचा वेळ हा मुलाच्या खेळातील नाजूक काळ असतो. हेल्मेट चढवता चढवता विचारलेला ‘कितवा नंबर आला?’ हा प्रश्न आणि चांदणी चौकाच्या गर्दीत केलेले सामन्याचे विश्लेषण यांनी मुले खेळापासून जितकी दूर जातात तितकी पराभवाने जात नाहीत. मूल स्वतः बोलेपर्यंत थांबावे. विचारायचेच असेल तर ‘भूक लागली का?’ हे विचारावे.

दुसरे, मुलाची पिशवी पालकांनी भरू नये. दहा वर्षांचे मूल मोजे विसरले तर एक दिवस त्याची अडचण होईल, आणि ती झालेली बरी. तिसरे, ‘आम्ही तुझ्यासाठी इतका खर्च करतो’ हे वाक्य खरे असले तरी सामन्याच्या आठवड्यात उच्चारू नये. ते ओझे घेऊन कोणालाही वेगाने धावता येत नाही.

दहावी-बारावीच्या वर्षी खेळ बंद करावा का?

पूर्ण बंद करण्याच्या सल्ल्याशी आम्ही सहमत नाही. सराव आठवड्यातून सहा दिवसांवरून तीन दिवसांवर आणावा, स्पर्धा निवडक खेळाव्यात, पण मैदान सोडू नये. वर्षभराने परत येणारी मुले, विशेषतः मुली, फार थोड्या असतात. क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी नाव चालू ठेवणे हा निराळा हिशेब झाला, त्याला खेळणे म्हणता येणार नाही.

कात्री लावायची असेल तर ती झोपेला लावू नये. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी सराव आणि रात्री पुन्हा अभ्यास या क्रमात ती सहा तासांवर येते आणि मग ‘एकाग्रता होत नाही’ अशी तक्रार सुरू होते. स्टॅनफर्डच्या बास्केटबॉल खेळाडूंनी काही आठवडे झोपेचा वेळ वाढवला तेव्हा त्यांचा धावण्याचा वेग आणि फ्री थ्रोची अचूकता दोन्ही सुधारल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तो अभ्यास लहान होता. तरीही झोपेसाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत, हे लक्षात घेता करून पाहायला हरकत नाही.

मोबाइलचे काय करावे?

सामन्याच्या आदल्या रात्री आणि सामना संपेपर्यंत तो पिशवीत बंद असावा. प्रतिस्पर्ध्याचे फोटो आणि शुभेच्छांचे संदेश दोन्ही नंतर पाहता येतात.

पराभवातून सावरायचे कसे?

पहिल्या दिवशी काहीही ठरवू नये. त्या दिवशी सगळेच निष्कर्ष चुकीचे निघतात: खेळ सोडावा, प्रशिक्षक बदलावा, पंचांनी अन्याय केला. दुसऱ्या दिवशी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: काय चांगले झाले, काय माझ्या हातात होते आणि बिघडले, आणि या आठवड्याच्या सरावात त्यासाठी कोणता एक बदल करणार. एकच बदल, पाच लिहिले तर एकही होत नाही.

खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा मातीवर वाढलेल्या त्यांना मॅटची सवय नव्हती आणि ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बिंद्रा सुवर्णाच्या आधी, अथेन्सच्या अंतिम फेरीत सातवा होता. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अवघ्या ०.०५ सेकंदाने सुवर्णाला मुकला. ८ मिनिटे ११.२० सेकंद या वेळेला अपयश म्हणणाऱ्याने आधी एक अडथळा ओलांडून दाखवावा.

दुखापतीच्या काळात मन कसे सांभाळावे?

सरावाची वेळ सोडू नये. गुडघ्याला प्लास्टर असले तरी रोजच्या वेळेला मैदानावर यावे, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम तिथे करावेत, सहकाऱ्यांच्या वेळा नोंदवाव्यात. खेळाडूला वेदनेइतकाच, किंबहुना अधिक, त्रास संघातून तुटल्याचा होतो. मुरलीकांत पेटकर मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर अधू झाले, उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण त्यांनी विश्वविक्रमासह जिंकले. हे उदाहरण दुखापतग्रस्त मुलाला ‘बघ, आणि तू रडतोस’ असे हिणवण्यासाठी वापरू नये. त्यातून घेण्यासारखे आहे ते एवढेच, की पेटकरांनी गेलेल्या खेळाच्या जागी दुसरे रोजचे काम शोधले.

मी खेळाडू नाही, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. यातले मला काय लागू पडते?

बरेचसे. सदाशिव पेठेत आणि शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकांत बारा-बारा तास बसणारी मुले मैदानावरच्या मुलांपेक्षा अधिक थकलेली असतात, कारण त्यांच्या सरावाला विश्रांतीचा दिवसच नसतो. खुर्चीवर बसलेले तास मोजण्याऐवजी सोडवलेले आणि तपासलेले प्रश्न मोजावेत. सराव परीक्षा खऱ्या परीक्षेच्याच वेळी, घड्याळ लावून, मध्ये न उठता द्यावी. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचे त्याचा क्रम ठरवून तो प्रत्येक सराव परीक्षेत पाळावा. आणि किती प्रयत्नांनंतर दुसरा मार्ग धरायचा, हे निकालाच्या दिवशी न ठरवता आज, घरच्यांशी बोलून, कागदावर लिहून ठेवावे. हा निर्णय शिस्तीच्या विरोधात जात नाही. तो शिस्तीचाच भाग आहे.

शिस्त अति होऊ शकते का?

होय, आणि शिस्तीच्या मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण ती थांबत नाहीत. सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके नेहमीपेक्षा सतत जास्त असणे, झोप न लागणे, चिडचिड, वारंवार सर्दी-ताप आणि सराव वाढवूनही घसरणारी कामगिरी ही अतिसरावाची लक्षणे आहेत. वजनगटाच्या खेळांत आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात मुले खाणे कमी करतात. मुलींची पाळी थांबली तर ती ‘चांगल्या सरावाची खूण’ नसून शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याची सूचना आहे आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेतील दिशाभान हरपल्यामुळे बहुतेक अंतिम फेऱ्यांतून माघार घेतली तेव्हा तिला कच्च्या मनाची म्हणणारे आपल्याकडेही होते. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णे आणि एक रौप्य जिंकले.

मदत केव्हा आणि कोठे घ्यावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा खेळातला रस उडालेला असेल, मूल घरात कोणाशी बोलत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे त्याने एकदा जरी म्हटले, तर ‘टेन्शन आहे, जाईल’ म्हणून थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. आजार नसून केवळ कामगिरीचा प्रश्न असेल, तर क्रीडा मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे जावे. पुण्यात असे लोक आता आहेत, आणि प्रशिक्षकांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे चौकशी केल्यास त्यांची नावे कळतात. पहिल्या भेटीत त्यांची पदवी कोणती, आपल्या खेळातील किती जणांबरोबर काम केले आहे आणि मुलाने सांगितलेले ते प्रशिक्षकांना कळवणार का, हे तिन्ही प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत. आठ दिवसांत चॅम्पियन करून देतो म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.